बारा ओल्या काड्या

वणवा पलीकडच्या डोंगरावर होता तोवर डोंगरउतारावरच्या नभांगण सोसायटीच्या रहिवाशांना तो फार आवडला. संध्याकाळी गच्च्यांवर खुर्च्या मांडून, हातात कॉफीचे मग घेऊन त्यांनी तो पाहिला. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचे साठ-सत्तर फोटो आले. एकानं खाली 'निसर्गाची दिवाळी' असं लिहिलं, त्यावर चाळीस जणांनी बदाम पाठवले. तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि गाड्यांवर राख पडली. मग मात्र सगळ्यांना जंगलाची काळजी वाटायला लागली.

क्लबहाउसमध्ये तातडीची सभा झाली. विषय एकच: फटाक्यांवर बंदी घालावी की नाही. पहिल्या पाच मिनिटांत बंदी एकमतानं मंजूर झाली, कारण सगळ्यांना वाटलं की ती खालच्या गावासाठी आहे. गावच्या जत्रेत शोभेची दारू उडते, ती बंद झालीच पाहिजे, यावर दुमत नव्हतं. मग मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे आपणही उडवायचे नाहीत का?" आणि सभेचा रंगच पालटला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. एका बाईंनी आपले फटाके हरित असल्याचं सांगितलं, जणू ते जळतच नाहीत. एका गृहस्थांनी संस्कृती काढली. दुसऱ्यांनी आपल्या कुत्र्याच्या मानसिक आरोग्याचा मुद्दा मांडला आणि त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. डोंगरावर राहणाऱ्या माणसांचा मुद्दा कोणी मांडला नाही.

ललिता परचुरे दुसऱ्या रांगेत बसून हे ऐकत होती. सदुसष्ट वर्षांची, सरकारी वेधशाळेत चौतीस वर्षं उपकरणं सांभाळून निवृत्त झालेली, आणि नभांगणमधल्या चौसष्ट बंगल्यांत मिळून एक पूर्ण डोकं नाही असं मनापासून मानणारी बाई. तिचं मत चुकीचं नव्हतं. फक्त हिशेबात ती स्वतःचा बंगला धरत नसे.

अध्यक्ष शेखर पोतनीस उभे राहिले. आठ दिवसांवर त्यांच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाड सिंगापूरहून यायचं होतं, आणि सीमांतपूजनाला वरपक्षाच्या स्वागतासाठी आतषबाजी ठरून चुकली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच बंदीवर बोलताना लोक त्यांच्याकडे पाहत नव्हते.

"भावनेच्या भरात कशाला ठरवायचं?" पोतनीस म्हणाले. "आपल्याकडे विज्ञान आहे. परचुरे मॅडमचं यंत्र आहे. दिवा लाल असला तर फटाके नाहीत, हिरवा असला तर आहेत. बंदीही नको आणि बेफिकिरीही नको."

टाळ्या पडल्या. ललिताचा नवरा मधुसूदन, जो सोसायटीचा उपाध्यक्ष होता, त्यानं सगळ्यांत जास्त वेळ वाजवल्या. आणि खोटं कशाला बोला, ललितालाही बरं वाटलं. ज्यांना आपण मूर्ख समजतो त्यांनी आपल्याला हुशार म्हटलं तर ते मत आपण लगेच ग्राह्य धरतो.

यंत्र खरोखरच सुरेख होतं. वाळलेलं गवत मुळातून पाणी पीत नाही. ते मेलेलं असतं. हवेत दमटपणा असला तर तो शोषून घेतं, हवा कोरडी झाली की परत देऊन टाकतं. वाळक्या लाकडाची काडीही तशीच वागते. म्हणून ललितानं कोरड्या वजनाला बरोबर शंभर ग्रॅम भरणाऱ्या बारा काड्या घेतल्या, डोंगराच्या उतारावर गवताच्या उंचीला बारीक तारांच्या पिंजऱ्यांत ठेवल्या, आणि प्रत्येकीखाली एक नाजूक काटा बसवला. दर मिनिटाला काटा वजन कळवी. एकशे सहा ग्रॅम म्हणजे सहा टक्के पाणी. पिंजरे गवतात असे दडवलेले होते की माकडांना सापडू नयेत. त्यांच्या जागा ललिताला ठाऊक होत्या आणि तिच्याबरोबर ते रोवायला आलेल्या मधुसूदनला.

आता ठिणगीचं. फटाक्याची ठिणगी हजार अंशांच्या वर तापलेली असते, पण असते कणभर. गवतात पाणी असलं तर तिची सगळी आच ते पाणी वाफ करण्यात खर्च होते आणि ती विझते. गवत कोरडं असलं तर तीच आच गवताला लागते. आठ टक्क्यांच्या खाली उतरलं की ठिणगी जिंकते, असा त्या डोंगरावरचा अनुभव. बारांपैकी एक जरी काडी आठाच्या खाली असली तरी क्लबहाउसवरचा दिवा लाल राही. गेल्या काही वर्षांत फेब्रुवारीचाच मे होऊन बसला होता, त्यामुळे दिवाळी सरल्यावर तो बहुतेक लालच असे.

या यंत्रावर विश्वास नसलेलं माणूस एकच होतं. ती म्हणजे वरच्या ढेबेवस्तीवरची बयाबाई. चार घरांची धनगरवस्ती, दहा-बारा म्हशी. बयाबाई रोज सकाळी दुधाची किटली घेऊन उतरायची, आणि ललिताशी दोन शब्द बोलायला म्हणून मागच्या पायरीवर टेकायची. नभांगणमध्ये ललिता जिच्याशी मनमोकळं बोलत असे अशी ती एकटीच.

"बाई, यंदा बी रेषा न्हाई," त्या आठवड्यात ती म्हणाली. "गवात कमरंएवढं झालंय."

जाळरेषा म्हणजे डोंगरावर आडवा जाळून ठेवलेला पट्टा. थंडीत, गवतात अजून ओल असताना, वस्तीवरचे लोक हिरव्या डहाळ्या हातात घेऊन तो बेतानं जाळायचे. पुढे वणवा आलाच तर जळायला काही न सापडून तिथं थांबायचा. दोन वर्षांपूर्वी नभांगणनं अर्ज करून ही पद्धत बंद पाडली होती. धुरानं पडदे खराब होत, आणि गच्चीवर चहा घेणाऱ्यांना डोंगरावर काळी रेघ दिसे. अर्जातला शास्त्रीय परिच्छेद ललितानं लिहिला होता: अद्ययावत मापनयंत्रणा उपलब्ध असताना मुद्दाम आग लावण्याची गरज उरत नाही.

"बयाबाई, आता आग लागण्याआधीच कळतं," ललितानं समजावलं. "माझ्या काड्या सांगतात."

"काड्या सांगत असतील. पर आगीला कोन सांगनार, हितं थांब म्हनून?"

ललिता हसली. हे हसणं तिला पुढे फार दिवस आठवलं.

सीमांतपूजनाच्या दिवशी सकाळपासून दिवा लाल होता. पाच टक्के. ललिता दाताच्या डॉक्टरकडे शहरात गेली होती, ती सव्वासहाला परतली तर फाटकावर सनई आणि क्लबहाउसवर हिरवा दिवा! ती गाडीतून उतरते न उतरते तोच पोतनीसांनी तिचा हात धरून व्याह्यांपुढे उभं केलं. "या आमच्या शास्त्रज्ञ. यांनी परवानगी दिली म्हणून बरं, नाहीतर आज आमची फजिती होती."

खरं तर त्याच क्षणी तिच्या मनात शंका आली होती. पावणेपाचला तिनं फोनवर पाहिलं तेव्हाही पाचच टक्के होते; एवढं वर, दीड तासात? पण समोर सिंगापूरचे व्याही, हातात केशरी सरबत, आणि सगळे माना वर करून तिच्या बोलण्याची वाट बघताहेत. ललितानं शंका गिळली आणि व्याख्यान दिलं. संध्याकाळी समुद्रावरून दमट वारा घाट चढून येतो, तो आज जरा लवकर आला असावा, गवतानं तो टिपला, वगैरे वगैरे. लोक वा वा म्हणाले. वारा होता, पण तो खालून वर जाणारा, कोरडा ठणठणीत. तिच्या गालाला तो लागत होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

पावणेसातला पहिले बाण गेले. चौथा की पाचवा गोळा तिरका उडाला आणि कुंपणापलीकडे उतारावर खालीच फुटला. हिरव्या-जांभळ्या ठिणग्या गवतावर पडल्या. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा गवत बोलायला लागलं होतं, तडतड, तडतड.

मग नभांगणचं शौर्य बघण्यासारखं होतं. निम्मे लोक गाड्यांकडे पळाले आणि गाड्या फाटकात अडकवून एकमेकांवर ओरडू लागले. उरलेल्यांनी आपापल्या हिरवळीवरचे पाण्याचे फवारे सुरू केले. आग त्यांच्याकडे यायची नव्हती हे एकट्या ललिताला कळत होतं. चढावर ज्वाळा गवतावर ओणवी होते, पुढचं गवत पेटायच्या आधीच भाजून वाळवते, आणि दर दहा अंशांच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो. इथला चढ तीस अंशांचा होता. वर पाऊण किलोमीटरवर ढेबेवस्ती होती, आणि मधे काळी रेघ नव्हती.

तिनं बयाबाईच्या मुलाला, लक्ष्मणला फोन लावला. "म्हशी सोडा! वर नका पळू, बाजूच्या ओढ्यात उतरा, ओढ्यात!" ती किंचाळत होती. पलीकडून फक्त कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. तेरा मिनिटांत आग वस्तीवर पोचली. ललितानं मोजली, कारण तिला मोजण्याशिवाय काही येत नव्हतं.

माणसं वाचली. चार घरं, दोन म्हशी आणि एक पारडू गेलं. पारडाचं दावं सोडताना बयाबाईचे दोन्ही हात पोळले. लक्ष्मण डहाळीनं आग झोडपत राहिला, त्याच्या कोपरापर्यंत फोड आले. आणि सकाळी वनखात्याची माणसं आली तेव्हा, ज्याच्या हातांवर भाजल्याच्या खुणा आहेत आणि खिशात आगपेटी आहे असा माणूस डोंगरावर तोच सापडला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची म्हटलं की पुरावा कसा पटापट गोळा होतो!

दुपारी पोतनीस ललिताकडे आले. घरात अजून मंगलकार्य होतं, पण चेहरा सुतकी ठेवला होता.

"मॅडम, यंत्राची कालची नोंद हवी आहे. तुमच्या दाखल्यासकट. उद्या अकराला वनपाल मॅडम क्लबहाउसमध्ये चौकशी घेणार आहेत. दिवा हिरवा होता, म्हणजे फटाक्यानं गवत पेटूच शकत नाही. तुमचंच शास्त्र. म्हणजे आग वरून कोणीतरी हातानं लावली. ते लोक दर वर्षी गवत जाळायचेच की."

"आता जाळत नाहीत. आपणच बंद केलं."

"तेच तर! त्याचाच राग," पोतनीस म्हणाले आणि आपल्याच तर्कावर खूश होऊन गेले.

ललितानं नोंद उघडली. पहिल्या ओळीतच तिला कळलं. आभाळ गवताला ओल देतं तेव्हा बाराही काड्या एकदम, हळूहळू जड होतात. इथं एकेक काडी दोन मिनिटांत पाचावरून पंचवीस टक्क्यांवर उडी मारत होती, एकीनंतर दुसरी. कोणीतरी काडीकाडीपाशी जाऊन पाणी ओतलं होतं. गवताला नाही, डोंगराला नाही. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर माठात बुडवावा तसं.

मग तिनं वेळा पाहिल्या. पहिली काडी चार बावन्न, ती तिच्याच मागच्या दारापाशी. दुसरी चार छप्पन्न. तिसरी पाच. तिसरीपासून चौथीपर्यंत फक्त वीस पायऱ्या आहेत, तिथं नऊ मिनिटं लागली होती. वीस पायऱ्यांना नऊ मिनिटं. एक पाऊल वर, दुसरं त्याच पायरीवर शेजारी, कठड्याला धरून थांबायचं, मग पुढची. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षं ती रोज संध्याकाळी त्या चालीच्या मागून चालत होती. पडद्यावरच्या बारा आकड्यांतून तिचा नवरा लंगडत वर गेला.

तिला रडू आलं नाही. किळस आली, आणि त्या किळसेखाली आणखी काहीतरी होतं, ते तिनं तेव्हा तपासलं नाही.

मधुसूदन व्हरांड्यात पेपर वाचत होता.

"मधू, गुलाबांची झारी कुठाय?"

पेपर हलला नाही. "असेल मागे."

"पोतनीसांनी सांगितलं तुला?"

 त्यानं पेपरची घडी केली, अगदी नीट. "सांगितलं असं नाही गं. म्हणाले, सर, मॅडमचा दिवा आज रुसलाय, काही करता येतं का बघा. चारचौघांत म्हणाले. व्याही शेजारी उभे. मला भीड पडली."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं ती वणव्याची आई झाली होती.

"निदान गवताला तरी घालायचंस पाणी!"

"एवढ्या डोंगराला? एका झारीनं?" तो गंभीरपणे म्हणाला.

 हा माणूस दुष्ट नव्हता, हेच तर वाईट होतं. दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. तो फक्त कोणालाही नाही म्हणू शकत नव्हता, आणि अशी माणसं जगात जेवढं जाळतात तेवढं दुष्टांच्या बापाच्यानं जळत नाही.

"तू नुसता यंत्राचा कागद दे," तो आर्जवानं म्हणाला. "त्यात खोटं काय आहे? दिवा हिरवा होता, हिरवा लिहिलंय. आणि विचार कर, झारीनं फसलं म्हणून कळलं तर तुझ्या यंत्राला काय म्हणतील? तुलाच हसतील."

हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. पुढचे कित्येक तास ललिताला लक्ष्मणची आठवण जेवढी आली नाही तेवढी त्या हसण्याची आली. चौतीस वर्षांची कारकीर्द, आणि शेवटी एका झारीनं हरलेली बाई. कागदावर फक्त सही करायची होती. एकही अक्षर खोटं नव्हतं. तिनं छापील नोंद समोर ठेवून तीन वेळा पेनाचं टोपण काढलं. स्वतःची एवढी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी क्लबहाउस भरलं होतं. वनपाल तडवी तिशीच्या होत्या, गणवेशावर राखेचे डाग, डोळे झोप नसल्यासारखे. एका बाजूला लक्ष्मण बसला होता, हात फडक्यांत गुंडाळलेले. त्याच्या शेजारी बयाबाई. तिला कोणी खुर्ची दिली नव्हती, ती तिनं स्वतः पायानं ओढून घेतली होती. पोतनीसांनी मुद्देसूद भाषण केलं. ठिणगी, ओलावा, हिरवा दिवा, म्हणून हा मुलगा. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं परवा गाड्यांत बसून पळत होती, ती आज मानेनं होकार देत होती.

"परचुरे मॅडम, दाखला?" तडवींनी विचारलं.

ललिता उभी राहिली. "दिवा खोटा होता. काड्यांवर पाणी ओतलं होतं. गवत कोरडंच होतं. आग फटाक्यानं लागली." तिनं कागद तडवींसमोर ठेवून आकड्यांवर बोट फिरवलं. "आणि वर रेषा नव्हती म्हणून ती थांबली नाही. रेषा बंद करायच्या अर्जात शास्त्राचा परिच्छेद मी लिहिला होता. तेही लिहून घ्या."

बयाबाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. तसे ते असायचं कारणही नव्हतं.

"पाणी कोणी ओतलं?"

"माझ्या नवऱ्यानं."

 मधुसूदन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण पोतनीस त्याच्याकडे बघत होते, आणि पोतनीस बघत असले की त्याला जे करावंसं वाटे तेच त्यानं केलं.

"मॅडम, हिचं वय झालंय," तो तडवींना हळुवारपणे म्हणाला. "हल्ली विसरायला होतं. परवा गॅस चालूच ठेवला होता. काड्या धुताना हिनंच पाणी घातलं असेल, आणि आता... डॉक्टरांना दाखवायचंच आहे."

चाळीस चेहऱ्यांवर एकदम कणव उमटली. बायकांनी च् च् केलं. ललिताला एवढं हलकं कोणी कधी केलं नव्हतं. आतून तिला थंडगार वाटलं, आणि त्या थंडपणात तिचं डोकं लख्ख चालायला लागलं. आकडे दाखवून उपयोग नव्हता. वेडी ठरलेल्या बाईचे आकडेही वेडेच, आणि त्या वेळी आपण शहरात दाताच्या डॉक्टरकडे होतो म्हणावं तर तेही विसराळूपणातच जमा होणार. पण एक गोष्ट तिला यंत्राहून चांगली ठाऊक होती. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, त्यात मधुसूदननं भित्रा म्हटलेलं ऐकून घेतलं होतं, लोचट म्हटलेलंही. एकच आरोप तो कधी सोसत नसे: बसल्या जागी डुलकी लागल्याचा. पेपर छातीवर, तोंड उघडं, घोरण्यानं मांजर पळालेलं, तरी 'मी डोळे मिटून विचार करत होतो.'

"बरोबर," ती नमतं घेतल्यासारखी म्हणाली. "मला विसरायला होतं. म्हणून मॅडम, एवढंच सांगते आणि खाली बसते. सहाव्या आणि सातव्या काडीत बावीस मिनिटं गेली आहेत. तिथं दगडी बाक आहे. आमचे हे तिथं झारी मांडीवर घेऊन झोपले होते. चांगले घोरत होते."

"मी झोपलो नव्हतो!" मधुसूदन उसळून म्हणाला. "झारी संपली होती. खाली नळापर्यंत जाऊन भरून आणली. बावीस मिनिटं लागणारच, माझा गुडघा..."

तो थांबला. पोतनीसांनी नजर छताकडे नेली. तडवींनी ते शब्द तसेच्या तसे लिहून घेतले.

मधुसूदन खाली बसला. "तू मुद्दाम म्हणालीस," तो तिला म्हणाला, फक्त तिला.

"हो."

"मी खरंच झोपलो नव्हतो गं."

"माहीत आहे," ललिता म्हणाली. तेव्हा तिला कळलं की कालच्या किळसेखाली जे काही होतं ते अजून तिथंच होतं, आणि यापुढे त्याच्यासकट जगावं लागणार. ते तिला शिक्षेसारखं वाटलं.

तडवींनी जबाब पूर्ण केला. मधुसूदनचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून ललितानंच त्याला तो वाचून दाखवला, एकेक ओळ, 'माझ्या पत्नीस न सांगता' या शब्दांसकट. कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं. त्यानं सही केली. लक्ष्मणला जायला सांगितलं, पण तो आईसाठी थांबला.

"आता दोन पंच लागतील," तडवी म्हणाल्या. "यांनी हे आपणहून, सगळ्यांसमोर सांगितलं, एवढीच साक्ष. बाईंची चालणार नाही, त्या पत्नी आहेत. वस्तीवरच्यांचीही नाही. तुमच्यापैकी कोण दोघं येताय?"

खुर्च्या सरकल्या. क्षणभर वाटलं लोक पुढे येताहेत. पण त्या मागे सरकत होत्या. कोणाला मीटिंग होती, कोणाच्या घरी प्लंबर येऊन उभा होता, कुत्र्याच्या मानसिक आरोग्यवाल्या गृहस्थांना कुत्र्याला फिरवायची वेळ झाली होती. पोतनीसांना वऱ्हाडाचं बघायचं होतं. एकानं विचारलं की हे नंतर ऑनलाइन करता येतं का. तडवी पेन पुढे धरून उभ्या होत्या, आणि चाळीस माणसं त्या पेनाच्या बाजूबाजूनं, अंग चोरून, दाराकडे निघाली होती.

बयाबाई बांधलेले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होती. ती उठली नाही, तिनं आवाजही चढवला नाही.

"एवढी शिकल्याली मान्सं," ती म्हणाली, "आन एकालाबी सही येत न्हाई व्हय?"